तारीख आठवत नाही, ती काढावी लागते

३१ जानेवारी १९८६ रोजी भर दुपारच्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो राज्यात भूकंपाचा धक्का बसला. नऊ महिन्यांनी विल्यम फ्रीडमन या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या लोकांना विचारलं, धक्का कधी बसला होता? वेळ बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर सांगितली. महिना मात्र पुष्कळांचा चुकला. आठवणीवर तारखेचा शिक्का असता तर असं झालं नसतं. आपण तेव्हा काय करत होतो, जेवण झालं होतं का, यावरून वेळ काढता येते. महिन्याला असे धागेदोरे कमी असतात.

नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार यांनी सहा वर्षं रोजच्या घटना लिहून ठेवल्या: काय, कोण, कुठे, कधी. पुढे एकेक खूण पाहून घटना आठवायची, असा प्रयोग त्यांनी स्वतःवरच केला. ‘काय’ सर्वांत उपयोगी पडलं. नुसत्या तारखेवरून जवळपास काहीच आठवेना.

दुसरी अडचण सरकण्याची. ठसठशीत आठवलेली जुनी गोष्ट अलीकडची वाटते. त्यामुळे ‘गेल्या सहा महिन्यांत काय घडलं?’ असं विचारलं की आठव्या महिन्यातलंही आत येतं. यावर लॉफ्टस आणि मारबर्गर या संशोधकांनी १९८३ मध्ये सुचवलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी ‘सहा महिन्यांत’ऐवजी ‘सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर’ (अमेरिकेतल्या या ज्वालामुखीचा उद्रेक तेव्हा सहा महिन्यांपूर्वीच झाला होता) असं विचारलं, आणि जास्तीच्या नोंदी घटल्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं जुनं आजारपण किंवा ऑपरेशन कधीचं ते शोधताना हेच करा. साल आधी विचारू नका. तेव्हा कोणत्या घरात राहत होतात, पाऊस होता की ऊन, सोबत कोण होतं, मुलगी कितवीत होती, हे विचारा. मग पक्क्या तारखेची घटना घ्या: लातूरकडे किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३), पुण्यात पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१). त्याआधी की नंतर? अशा दोन खुणांमध्ये घटना अडकवायची.

इथे दोन जागी हमखास चुकतं. ‘मुलगी दहावीत असताना’ म्हणजे जूनपासून पुढच्या सालच्या मार्चपर्यंत, दोन सालं. आणि ‘दिवाळीत’ म्हणजे ऑक्टोबर की नोव्हेंबर, हे त्या वर्षीचं पंचांग पाहूनच ठरवावं. वार मात्र सहसा सोडू नका. अलीकडच्या घटनांत आठवडा चुकला तरी वार बऱ्याचदा बरोबर असतो.

एवढं करूनही तारीख निघाली नाही, तर डॉक्टरांना अंदाजाने एकच साल सांगू नका. ‘जून २०११ नंतर, दिवाळी २०१२ च्या आधी’ अशी हद्द लिहून द्या.