मध्यरात्रीच्या टपालापासून नव्या टर्मिनलपर्यंत

नागपूर विमानतळाच्या ७,००० कोटींच्या विस्ताराचं भूमिपूजन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीद्वारे झालं. आदल्याच दिवशी विमानतळ चालवणाऱ्या जीएमआर समूहाशी सवलत करारावर, म्हणजे विमानतळ चालवायला देण्याच्या करारावर, सह्या झाल्या होत्या. ज्या कामासाठी २०१८ मध्ये बोली लागली, ते कागदावर पक्कं व्हायला सहा वर्षं गेली. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण सोनेगावची, म्हणजे याच विमानतळाची, जुनी गोष्ट माहीत असलेल्याला फारसं वाटणार नाही. हा विमानतळ देशाच्या मध्यावर आहे म्हणून सगळ्यांना हवासा वाटत आला. इथं उतरून घरी जाणाऱ्या माणसाचा विचार मात्र दरवेळी थोडा उशिराच झाला.

इथली धावपट्टी पहिल्या महायुद्धातली, १९१७-१८ ची, ब्रिटिश हवाई दलासाठी केलेली. दुसऱ्या महायुद्धात जुन्या इमारतींची डागडुजी झाली आणि सोनेगाव हा लष्करी विमानांचा मधला थांबा झाला. उतरायचं, इंधन भरायचं, पुढं निघायचं. इंग्रज गेल्यावर हा सगळा पसारा भारत सरकारकडे आला.

त्यानंतरचा काळ सर्वांत रंगतदार. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला भेटायची. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानानं जाऊ लागली, त्यामुळे थैल्या चांगल्याच फुगल्या असणार. आज कुरिअर कंपन्या ज्याला 'हब' म्हणतात, तो प्रकार सोनेगावच्या पट्टीवर डाकोटा विमानं घेऊन पंचाहत्तर वर्षांपूर्वी रोज चालत होता. संगणक नव्हता, थैली ओळखायची ती कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात, तिच्यावरचं नाव वाचून.

या सेवेची किंमतही मोजावी लागली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं. दहाही प्रवासी आणि चारपैकी तीन कर्मचारी गेले. वाचला तो वैमानिक. विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. सेवा थांबली नाही. १९७३ पर्यंत ती चालली.

त्याच १९५३ साली प्रवाशांसाठी नवी टर्मिनल इमारत झाली. अल्पोपाहार, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचा स्टॉल आणि, विशेष म्हणजे, विमानं बघायला येणाऱ्यांसाठी सज्जा! सुरक्षा तपासणीच्या रांगेत पट्टा काढून उभं राहणाऱ्या पिढीला हा सज्जा परीकथेतलाच वाटेल. तेव्हा विमानतळ हे फिरायला जायचं ठिकाण होतं, आणि घरच्या माणसाला विमानात चढताना बघणं हा सोहळा.

ज्यांचं नाव पुढं विमानतळाला मिळालं, ते बाबासाहेबही इथंच उतरले होते. ११ ऑक्टोबर १९५६ ला ते दिल्लीहून विमानानं नागपूरला आले, सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात थांबले आणि १४ तारखेला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. नामकरण व्हायला २००५ साल उजाडलं. दीक्षाभूमीपासून काही किलोमीटरवर असलेल्या विमानतळाला हे नाव द्यायला इतका वेळ का लागावा, हा प्रश्न मला तरी पडतो.

टपालाची विमानं बंद झाली आणि मध्यावर असण्याचं भांडवल कितीतरी वर्षं तसंच पडून राहिलं. पट्टीवर हवाई दल होतं, त्यांची अजस्र मालवाहू 'गजराज' विमानं होती, आणि प्रवाशांसाठी मोजकी उड्डाणं. मग 'मिहान' आलं. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा: नागपुरात बहुविध वाहतुकीचं आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र आणि विमानतळ. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी त्यासाठीच स्थापन झाली. म्हणजे १९४९ चीच कल्पना, फक्त थैलीच्या जागी कंटेनर. प्रकल्पाचा आवाका ४,००० हेक्टरांहून मोठा. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. मोबदला आणि पुनर्वसन यांची भांडणं किती वर्षं चालली, हे या गावांतल्या माणसांनी सांगावं. मिहानच्या बातमीत त्यांची एक ओळ असते, आणि तीही शेवटची.

मिहानच्या घोषणा गाजत असताना टर्मिनलचं काम मात्र भारतीय विमानतळ प्राधिकरणानं गाजावाजा न करता उरकलं. जुनी इमारत वाढवून १७,५०० चौरस मीटरची एकात्मिक इमारत उभी राहिली, खर्च ७९ कोटी, आणि उद्घाटन १४ एप्रिल २००८ ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी. एका वेळी ५५० येणारे आणि ५५० जाणारे प्रवासी, २० चेक-इन काउंटर, काचेचे एरोब्रिज, ६०० गाड्यांची पार्किंग. तेव्हा पहिल्यांदा आत गेलेला नागपूरकर 'बापरे, हे तर मुंबईसारखं झालं' असं म्हणून बाहेर आला. शारजा आणि दोहाची विमानंही इथून सुटू लागली. आज वर्षाला २५ लाखांहून जास्त माणसं याच इमारतीतून ये-जा करतात. हिवाळी अधिवेशनाच्या डिसेंबरात मुंबईचं सकाळचं विमान उतरलं की सामानाच्या पट्ट्याभोवती आमदार, त्यांचे पीए आणि लग्नाला आलेली वऱ्हाडी मंडळी एकमेकांच्या बॅगा सरकवत उभी असतात.

२००९ मध्ये कारभार मिहान इंडिया लिमिटेडकडे गेला. तिच्यात राज्याच्या विकास कंपनीचे ५१ टक्के आणि प्राधिकरणाचे ४९ टक्के. याच दरम्यान एअर इंडियानं बोईंगकडून ६८ विमानं घेतली, त्या व्यवहारातून बोईंगचं देखभाल-दुरुस्ती केंद्र मिहानला आलं. ते २०१५ मध्ये सुरू झालं आणि मोठ्या प्रकल्पातली हाताला लागणारी एक वस्तू लोकांना दिसली.

आता सहा वर्षांची गोष्ट. विमानतळ खासगी भागीदाराला द्यायचं ठरलं. जीएमआरनं महसुलातला ५.७६ टक्के वाटा देऊ केला. वाटाघाटींनंतर तो १४.४९ टक्क्यांवर गेला. मार्च २०१९ मध्ये काम देण्याचं पत्र निघालं. पुढच्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, सगळी निविदाच रद्द झाली, कारण सरकारला आणखी जास्त वाटा हवा होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑगस्ट २०२१ मध्ये हे रद्द करणंच रद्द ठरवलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच निकाल कायम ठेवला. मग पुनर्विचार, मग क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयातला अगदी शेवटचा उपाय. तीही सप्टेंबर २०२४ मध्ये निकाली निघाली, आणि पंधरवड्याच्या आत करार झाला. जास्तीच्या टक्क्यांसाठी घालवलेल्या वर्षांचा हिशेब मांडला तर तो कुणाच्या बाजूनं निघेल?

दरम्यान धावपट्टी एकच राहिली: ३,२०० मीटरची. तिच्या पुनर्डांबरीकरणासाठी २०२४ मध्ये दिवसाचे काही तास उड्डाणं बंद ठेवावी लागली, तेव्हा विमानं सकाळ-संध्याकाळीच कोंबली गेली आणि तिकिटांचे भाव चढले. दुसऱ्या, ४,००० मीटरच्या धावपट्टीचा आराखडा मिहानच्या पहिल्या कागदांपासून आहे. तिच्यासाठी हवाई दलाशी जमिनीची अदलाबदल करावी लागली, शिवणगाव हलवावं लागलं. टर्मिनल कितीही देखणं झालं तरी जुनी पट्टी बंद पडली की काचा पुसत बसण्यापलीकडे काही करता येत नाही, त्यामुळे नव्या टर्मिनलइतकीच ही पट्टी कधी होते ते बघायला हवं.

आणि एक साधी गोष्ट. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली. तिचं 'एअरपोर्ट' स्थानक वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल आत, बॅग ओढत चालत जावं इतकं जवळ नाही. नव्या आराखड्यात यावर काही मार्ग काढला, तर १९५३ च्या सज्जानंतर पहिल्यांदाच स्थानिक माणसासाठी काही झालं असं म्हणता येईल.