आइस हॉकीतील मारामारीचे प्रशिक्षण

किशोरवयीन आइस हॉकी खेळाडूंना बर्फावरची मारामारी आणि तीत स्वतःचा बचाव शिकवण्याचा उत्तर अमेरिकेतील, मुख्यतः कॅनडातील प्रकार. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या व्यावसायिक स्पर्धेत हातमोजे टाकून भिडणाऱ्या दोघांना सहसा पाच मिनिटे बाहेर बसवतात आणि मग पुन्हा खेळू देतात. या सवलतीवरच ‘एन्फोर्सर’ म्हणजे संघातला मारामारीचा गडी पोसला गेला. त्याने गोल केले नाहीत तरी चालते. आपल्या चांगल्या खेळाडूला कोणी आडवे केले, तर त्याचा हिशेब चुकता करणे हे त्याचे काम. स्केटिंगमध्ये डाव्या पण अंगाने थोराड मुलांना वर चढायची ही एक वाट होती.

बर्फावर पायाला टेकू नसतो. जोरात ठोसा मारणाराच आधी घसरतो. त्यामुळे कुस्तीप्रमाणे इथेही पकड महत्त्वाची. एका हाताने प्रतिस्पर्ध्याची जर्सी खांद्याजवळ किंवा त्याच्या मारत्या हाताची बाही मुठीत धरायची, तो हात ताठ ठेवून अंतर राखायचे, गुडघे वाकवायचे, हनुवटी खाली घ्यायची. जर्सी डोक्यावर ओढली गेली की हात अडकतात, समोरचे दिसत नाही. म्हणून जर्सीच्या आत मागच्या बाजूला शिवलेला पट्टा पँटला अडकवतात. हा पट्टा नीट न बांधल्याने मारामारीत ज्याची जर्सी अंगावेगळी होते, त्याला एनएचएलमध्ये सामन्याबाहेर काढतात. समोरचा पडला की हात थांबवायचा, हा अलिखित संकेत.

या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण कॅनडातील रेजायना शहरातले. मिनेसोटा वाइल्ड संघाचे एन्फोर्सर डेरेक बुगार्ड यांनी भाऊ एरन यांच्यासह 2007 मध्ये तेथे मुलांसाठी मारामारीचे शिबिर घेतले. मुलांना इजा न होता स्वतःला सांभाळता यावे, हा हेतू सांगितला गेला. मात्र शिबिराच्या टी-शर्टांवर रक्ताचे खोटे शिंतोडे छापलेले होते. टीका व्हायची ती झालीच. एनएचएलच्या 277 सामन्यांत बुगार्ड यांचे गोल तीन, शिक्षेची मिनिटे 589. डिसेंबर 2010 मधील एका मारामारीत मेंदूला मार बसल्यावर ते पुन्हा खेळले नाहीत. मे 2011 मध्ये, 28 व्या वर्षी, वेदनाशामक गोळ्या आणि मद्य यांच्या एकत्रित परिणामाने त्यांचा मृत्यू झाला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा सीटीई हा विकार त्यांच्या मेंदूत आढळला.

‘सुरक्षित’ मारामारीची अडचण इथेच आहे. पकड आणि तोल यांनी ओठ फुटणे टळेल. डोके बर्फावर आपटणे शिकवणीच्या हातात नसते. ऑन्टॅरिओतील हौशी खेळाडू डॉन सँडरसन याचे हेल्मेट डिसेंबर 2008 मध्ये मारामारीत निघाले, डोके बर्फावर आदळले आणि 2 जानेवारी 2009 रोजी तो वयाच्या 21 व्या वर्षी दगावला. पुढे 2013 मध्ये एनएचएलने मारामारीपूर्वी स्वतःचे हेल्मेट काढणाऱ्याला दोन मिनिटांची जादा शिक्षा लावली.

मुलांच्या अधिकृत हॉकीत मारामारी करणारा सामन्याबाहेर जातो. कॅनडातील क्वेबेकच्या प्रमुख ज्युनियर लीगनेही, म्हणजे व्यावसायिक हॉकीच्या आधीच्या तरुण खेळाडूंच्या स्पर्धेनेही, 2023 पासून हाच नियम केला. खेळाडू घडवणाऱ्या मोठ्या ज्युनियर स्पर्धांपैकी एकीने दार लावल्यावर या शिकवणीला गिऱ्हाईक उरते ते मुख्यतः व्यावसायिक हॉकीच्या आशेवरचे.