घसरण्यासाठीच बनवलेला क्लच

व्हर्लपूलची १९८०च्या दशकातली पट्टा नसलेली, वरून कपडे टाकायची ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ वॉशिंग मशीन अमेरिकेत अजूनही अनेक तळघरांत चालू आहेत. सिअर्स या दुकानसाखळीने केनमोर नावाने विकलेली मशीनही बरीचशी हीच. मोटर एका दिशेने फिरली की मधला ॲजिटेटर कपडे घुसळतो; उलट फिरली की ड्रम कपडे पिळतो, मिनिटाला सुमारे ६४० फेरे.

मोटर क्षणात वेग घेते, पण ओल्या कपड्यांचा ड्रम जागेवरच असतो. हा फरक भरून निघेपर्यंत मोटरचं फिरणं ड्रमला पोचवणाऱ्या क्लचने घसरायचं असतं. या काळात ड्रमला जेवढी ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते; पकड हळू बसो वा झटक्यात, हिशेब तोच. २५ सेंटिमीटर त्रिज्येवर १६ किलो वजन धरलं तर सुमारे २,२०० ज्यूल. एका वेळेला हे किरकोळ. पण पंप तुंबून पाणी उरलं, तर ड्रम पूर्ण वेग गाठतच नाही आणि क्लच घासत राहतो, घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवावी तसा. म्हणून नवा क्लच टाकण्याआधी पंप आणि निचऱ्याचा पाइप तपासा.

कपडे ओलेगच्च निघतात, जळका वास येतो, मशीनखाली काळपट भुकटी दिसते: क्लच झिजलाय. मोटर चालते, पाणी उपसलं जातं, पण ना घुसळण ना पिळणं: मग बहुधा मोटर कपलिंग, म्हणजे मोटर आणि गिअरकेस (गिअरची पेटी) यांना जोडणारा तुकडा, तुटलंय. पंप मोटरच्या दुसऱ्या टोकाला असल्याने तो चालूच राहतो. कपलिंग क्लचपेक्षा बरंच सोपं काम आहे, त्यामुळे हा फरक आधी ओळखावा.

प्लग काढा, नळ बंद करा. कन्सोलचे (वरच्या बटणांच्या पट्टीचे) स्क्रू काढून तो मागे उलटा, झाकणाच्या स्विचची पिन सोडवा, दोन स्प्रिंग क्लिपा उचकटा आणि बाहेरचा पत्रा पुढे कलवून उचला. ॲजिटेटरचं टोपण काढून आतला ७/१६ इंची बोल्ट सोडवा आणि ॲजिटेटर वर ओढा. मशीन आडवं करा. पंप आणि मोटर प्रत्येकी दोन क्लिपांवर असतात. पंपाचे पाइप न काढता तो बाजूला सरकवता येतो. गिअरकेसचे अर्धा इंची तीन बोल्ट निघाले की गिअरकेस लांब दांड्यासकट सरळ बाहेर ओढा, तिरकी नको.

क्लच गिअरकेसच्या माथ्यावर असतो. थ्रस्ट वॉशर आणि रिटेनिंग रिंग काढण्याआधी फोटो काढून ठेवा. सुट्या भागांचा क्रम चुकला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. नवा संच २८५७८५ या क्रमांकाने मिळतो. नुसतं लायनिंग (क्लचचा घासणारा थर) बदलण्यात अर्थ नाही, कारण स्प्रिंग आणि कॅमही झिजलेले असतात. क्लच ज्या छोट्या ड्रमच्या (कपड्यांच्या नव्हे) आत घासतो तो कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल दिसलं तर गिअरकेसचं सील गळतंय; ते तसंच ठेवलं तर नवा क्लचही घसरणार. पकड वाढवायला राळ किंवा चिकट फवारा तर अजिबात नको: क्लच झटक्यात पकडला की सगळा मार कपलिंगवर येतो.

आपल्याकडच्या दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हा खटाटोप नाही. पिळायला स्वतंत्र मोटर असते, क्लच नसतोच. पिळणी मंद पडली तर ब्रेक पूर्ण सुटतोय का ते पाहावं.

जोडणीनंतर पहिल्यांदा रिकामा ड्रम फिरवून पाहा. नव्या लायनिंगचा हलका वास सुरुवातीला येतो. ओले कपडे घालून पिळल्यावरही तो टिकला, तर निचरा पुन्हा तपासा.