राजाय डेव्हिस: 38 व्या फेरीतून आठ संघांपर्यंत

2016 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, विषय निघाला की क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसचा होमरन (चेंडू थेट भिंतीपलीकडे घालवणारा फटका) आठवतोच. पण तो फटका मारणारा माणूस तिथवर कसा पोहोचला, हे फारसं सांगितलं जात नाही.

2001 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला 38 व्या फेरीत घेतलं. इतक्या खालच्या फेरीतली बहुतेक मुलं खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्येच विरून जातात. डेव्हिसला सर्वोच्च स्तराचं, मेजर लीगचं मैदान दिसायला 2006 उजाडलं. पुढच्याच वर्षी जुलैअखेर पायरेट्सने पिचर (चेंडू टाकणारा) मॅट मॉरिसच्या बदल्यात त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. एप्रिल 2008 मध्ये तिथूनही त्याची सुट्टी झाली आणि ओकलंडने त्याला वेव्हर्सवरून उचललं. वेव्हर्सवर टाकलेल्या खेळाडूवर इतर संघ हक्क सांगतात. त्याची इच्छा कुणी विचारत नाही. पुढे टोरोंटो, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, पुन्हा ओकलंड, बोस्टन, पुन्हा क्लीव्हलँड आणि शेवटी न्यूयॉर्क मेट्स.

प्रत्येकाला तो हवा होता तो पळण्यासाठी. कारकिर्दीत 415 बेस त्याने चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला. 2016 मध्ये, पस्तिशीत, 43 चोऱ्या करून तो अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) पहिला आला. बॅटमध्ये मात्र तेवढी ताकद नव्हती: 14 हंगामांत 62 होमरन. आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या, जागा तीनच, आणि तिथे संघ सहसा मोठे फटके मारणारे उभे करतात. त्यामुळे डेव्हिस बऱ्याचदा चौथा आउटफिल्डर ठरायचा, आणि खेळाडूंची अदलाबदल करायची वेळ आली की असाच माणूस आधी हलवला जातो.

म्हणूनच 2 नोव्हेंबर 2016 ची ती रात्र मला इतकी मोठी वाटते. मालिकेचा शेवटचा, सातवा सामना, आठवी इनिंग, क्लीव्हलँड 4-6 ने मागे, दोन आउट; तिसरा आउट झाला की पाळी संपणार. समोर शिकागो कब्जचा आरोल्डिस चॅपमन, त्या काळातला सर्वांत वेगवान पिचर. डेव्हिसने बॅट दांड्याच्या टोकापासून बरीच वर पकडली होती, नुसता चेंडू लागावा एवढ्याचसाठी. चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून जेमतेम पलीकडे गेला. बेसवर एक जण आधीच होता, म्हणून दोन धावा: 6-6. दहाव्या इनिंगमध्येही त्याने एक धाव आणून दिली, तरी कब्जने सामना 8-7 असा जिंकला.

मे 2019 मध्ये तो पुन्हा मायनर लीगमध्ये, मेट्सच्या सिराक्यूज संघासोबत पेनसिल्व्हेनियात होता. अचानक बोलावणं आलं. उबर करून तो न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा सामना सुरू झालेला होता. आठव्या इनिंगमध्ये पिंच हिटर म्हणून (दुसऱ्याच्या जागी फटका मारायला) त्याला पाठवलं, आणि त्याने वॉशिंग्टनच्या शॉन डूलिटलला तीन धावांचा होमरन मारला. याच डूलिटलवर, तो ओकलंडकडे असताना, डेव्हिसने जून 2014 मध्ये डेट्रॉइटसाठी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा, चार धावांचा होमरन) मारून सामना तिथेच संपवला होता.

2019 चा तो हंगाम मेजर लीगमधला त्याचा शेवटचा ठरला. नंतर तो मेजर लीग बेसबॉलच्या मुख्यालयात, मैदानावरच्या कारभाराच्या विभागात रुजू झाला.