उचल-मंचातील सिलिंडरांचे समकालन

एकच मंच दोन किंवा अधिक हायड्रॉलिक सिलिंडरांनी उचलताना त्या सर्वांचे दट्टे सारख्या वेगाने सरकावेत आणि मंच कोणत्याही उंचीवर समतल राहावा, यासाठी केलेली योजना. कारखान्यात याला सिलिंडर ‘सिंक’ करणे म्हणतात.

एका पंपाला सारखेच सिलिंडर समांतर जोडले की ते बरोबरीने चालतील, हा समज फसवा आहे. तेल रोध कमी असेल तिकडे जाते. 100 मिमी व्यासाच्या दोन सिलिंडरांवर 10 टन भार 6 आणि 4 टन असा पडला, तर एकाला सुमारे 75 बार दाब लागतो, दुसऱ्याला 50. दाब 50 बारला पोचताच हलक्या बाजूचा सिलिंडर निघतो. तो टोकाला टेकेपर्यंत किंवा मंच तिरपा होऊन अडकेपर्यंत दाब आणखी चढत नाही आणि जड बाजू जागची हलत नाही. भार मधोमध असला तरी सीलचे घर्षण किंवा आतली गळती यांतला किरकोळ फरक मंच कलायला पुरतो.

लहान मंचांना यांत्रिक जोडणी पुरेशी असते: पीळ सोसणारा आडवा दांडा, दंतपट्टी-दंतचक्र किंवा मोटारगाड्यांच्या दोनखांबी लिफ्टमध्ये असतात तसे तारदोर. मात्र भारातला सगळा फरक या जोडणीला सोसावा लागतो. ती लवचिक असेल तर उपयोग नाही.

फ्लो डिव्हायडर तेलाचे समान वाटे करतो. गिअर प्रकारचा डिव्हायडर सरकत्या स्पूलच्या (तेलाच्या वाटा कमीजास्त उघडणाऱ्या दांडीच्या) प्रकारापेक्षा सहसा अचूक असतो. पण वाटपातली चूक धावेबरोबर (दट्टा सरकेल तशी) साचत जाते: एका बाजूला 3 टक्के तेल कमी गेले, तर 1 मीटरच्या धावेत ती 30 मिमी मागे पडते. शिवाय गिअर प्रकारात एका वाटेवरचा भार नाहीसा झाला की दुसऱ्या वाटेतला दाब पंपाच्या दाबापेक्षा वर जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक वाटेला स्वतंत्र रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) लागतो.

एकसर जोडणीत पहिल्या सिलिंडरच्या दांड्याकडच्या बाजूचे तेल दुसऱ्याच्या दट्ट्याखाली जाते. त्यासाठी पहिल्याचे कंकणाकृती (दांड्याची जागा वगळून उरलेले) क्षेत्रफळ दुसऱ्याच्या दट्ट्याच्या क्षेत्रफळाएवढे ठेवतात. ही मांडणी देखणी खरी, पण दोन्ही भार पहिल्या सिलिंडरवर येतात आणि सील झिजले की मधले तेल कमीजास्त होते. म्हणून धावेच्या टोकाला छोटी वाट उघडून दर फेरीला ही चूक काढून टाकतात.

भार असमान आणि बदलता असेल, तर प्रत्येक सिलिंडरला स्थितीमापक संवेदक, प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (विद्युत संदेशाच्या प्रमाणात उघडणारा) आणि पीएलसी (यंत्र चालवणारा औद्योगिक संगणक) असे बंद-चक्र नियंत्रण, म्हणजे मोजलेली स्थिती पाहून सतत दुरुस्ती करणारे, वापरतात. बेअरिंग बदलण्यासाठी पुलाचे गर्डर उचलताना अशा व्यवस्थेत मिलिमीटरच्या घरातली अचूकता मिळते. नियंत्रक पुढे गेलेल्याला रोखू शकतो. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर रेंगाळणाऱ्याला मात्र ढकलू शकत नाही. त्यामुळे सर्वांत मंद सिलिंडरच सगळ्यांचा वेग ठरवतो. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सर्व सिलिंडर एकदम थांबवतात.

उतरताना भाराखाली तेल बाहेर ढकलले जाते, तेव्हा जड बाजू आधी खाली येते. थांबलेल्या मंचातही, नळ्या एकमेकींना उघड्या जोडलेल्या असतील, तर जड बाजूचे तेल हलक्या सिलिंडरमध्ये शिरून मंच आपोआप कलतो. त्यामुळे पायलट चेक (दाबाचा इशारा मिळाल्याशिवाय तेल परत न सोडणारा) किंवा काउंटरबॅलन्स (भार तोलून धरणारा) व्हॉल्व्ह प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशीच बसवतात. नळी फुटली तरी भार तोच धरून ठेवतो.