चिलेटेड लोह घेण्याआधी : सहा टक्केवालं महाग का?

छाटणीनंतर आमच्या खतांच्या दुकानात काउंटरवर चिलेटेड लोहाच्या पुड्यांवरून रोज एक वाद ठरलेला. 'बारा टक्केवालं स्वस्त आणि सहा टक्केवालं एवढं महाग? आम्हाला काय वेडं समजलात का?' दरवेळी तोंडी सांगण्यात निम्मी सकाळ जाते, म्हणून हा कागद.

चिलेट हा शब्द ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आला. मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी तो 1920 मध्ये वापरात आणला. मोठा सेंद्रिय रेणू धातूच्या अणूला दोन किंवा जास्त ठिकाणी नांगीसारखा धरतो, ते चिलेट. ईडीटीए हा असाच एक रेणू, तो तर सहा ठिकाणी धरतो. असं धरलेलं लोह पाण्यात विरघळलेलं राहतं आणि मुळांना मिळतं. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) चुनखडीच्या जमिनीत टाकलं, तर लोह लवकरच गंजासारखं घट्ट होऊन बसतं. शेणाच्या स्लरीत कालवून दिलं तर थोडं बरं.

पण प्रत्येक नांगीची पकड सारखी नसते, आणि चूक होते ती इथेच. पुड्यावरची टक्केवारी म्हणजे आत लोह किती, एवढंच. ते जमिनीत टिकेल किती, हे त्यावरून कळत नाही. ईडीटीएची लोहावरची पकड जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लपणाचं माप) साडेसहाच्या वर गेला की सुटू लागते. जमिनीतलं कॅल्शियम लोहाला हुसकावून त्याची जागा घेतं. निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या जमिनींचा सामू बऱ्याच ठिकाणी साडेसातच्या वर. तिथे ड्रिपमधून बारा टक्क्यांचं ईडीटीए सोडायचं, पंधरा दिवस वाट बघायची, पानं पिवळी ती पिवळीच, आणि मग 'माल डुप्लिकेट' म्हणत दुकानात यायचं. माल चोख असतो, पण जागा चुकलेली असते.

अशा जमिनीला ईडीडीएचए या दुसऱ्या रेणूनं धरलेलं लोह लागतं. त्यात लोह सहाच टक्के, पण सामू नऊपर्यंत पकड टिकते. पाण्यात टाकलं की लालभडक रंग येतो. घेताना लेबलवर 'ऑर्थो-ऑर्थो'चं, म्हणजे ईडीडीएचएच्याच एका प्रकाराचं, प्रमाण बघा. घट्ट पकड त्याच भागाची. फवारणीला मात्र स्वस्तातलं ईडीटीए पुरतं, तिथे महागडं आम्हीच देत नाही.

त्याआधी पान नीट बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं तशी दिसली तर बहुधा मॅग्नेशियम कमी पडतंय, मग लोहावर पैसे घालू नका.

माती परीक्षणाचा कागद मागतो म्हणून काहींना राग येतो. पण सामू आणि चुनखडी हे दोन आकडे दिसले की कोणता पुडा द्यायचा ते दोन मिनिटांत ठरतं. कागद नसेल तर मातीचा नमुना आणा, तपासणीला पाठवायची सोय दुकानातच आहे. फोडलेला पुडा मात्र परत घेणार नाही, दादा.