अंदमानच्या पाण्यातील अनोखे जीव : पाहताना आणि छायाचित्र घेताना

आमच्यासोबत स्वराज द्वीपावर डायव्हिंगसाठी येणाऱ्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील प्रवाशांनी हे पत्रक निघण्यापूर्वी वाचावे, ही विनंती.

अनोखे जीव बहुधा लहान असतात आणि जागचे हलत नाहीत, त्यामुळे भराभर पोहत जाणाऱ्याला ते दिसत नाहीत. कापसाच्या पानाआडची अळी शोधणारा शेतकरी जसा एकेका झाडाशी थांबतो, तसेच येथे थांबावे लागते. मात्र पाण्याखाली काहीही उलटून पाहायचे नाही. फ्रॉगफिश हा मासा स्पंजच्या (तळाला चिकटून वाढणाऱ्या सच्छिद्र समुद्री प्राण्याच्या) रंगाचा होऊन त्याला चिकटून बसतो आणि कपाळावरचे आमिष हलवून भक्ष्य जवळ बोलावतो, म्हणून स्पंजच्या ढिगात डोळा किंवा तोंडाची रेघ शोधावी. घोस्ट पाइपफिश हा मासा फेदर स्टारच्या (तारामाशाच्या नात्यातील प्राण्याच्या) पिसांसारख्या हातांमध्ये डोके खाली करून तरंगतो. कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगाई, म्हणजे न्युडिब्रँक, आपले खाद्य असलेल्या स्पंजवर किंवा हायड्रॉइडवर (झुडपासारख्या दिसणाऱ्या बारीक समुद्री प्राण्यांवर) सापडतात. दगडासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिशच्या पाठीवर विषारी काटे असतात, त्यामुळे आधारासाठीसुद्धा तळाला हात लावू नये.

पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते. पाच-दहा मीटर खोलीवरच छायाचित्र निळसर येऊ लागते आणि झूम केल्याने ते सुधारत नाही, कारण मधले पाणी तसेच राहते. अंतर कमी करणे हाच खरा उपाय आहे. पण तरंगण्यावर पुरेसा ताबा येईपर्यंत कॅमेरा बोटीवरच ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण प्रवाळाला लागलेला पायाचा एक फटका अनेक वर्षांची वाढ मोडतो. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश पाण्यातील कणच उजळवतो, म्हणून तो बंद ठेवून टॉर्चचा प्रकाश बाजूने द्यावा. जीवाच्या डोळ्याच्या पातळीवरून छायाचित्र घ्यावे आणि तो दूर सरकू लागला की त्याच्या मागे जाऊ नये.

आपल्याकडील कोरड्या हवेच्या तुलनेत बेटावर दमटपणा फार असतो. हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचे जलरोधक आवरण, दमट हवेत बंद केल्यास पाण्यात काच आतून धुरकट होते. ते वातानुकूलित खोलीत बंद करावे, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ओ-रिंगवर (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीवर) केस किंवा वाळूचा कण नसल्याची खात्री करावी.

प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही सामानात घेऊ नये. शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळायचा असल्याने परतीच्या आदल्या दिवशी आम्ही दुपारनंतर डायव्ह ठेवत नाही.